शुक्रवारचं सोनं

२ जानेवारी, शुक्रवार

"बदलीवर चंदीगडला आलेल्या माझ्या मराठी माणसांनो, आपल्या सगळ्यांची एक तक्रार सारखी आहे. दर शुक्रवारी आपल्याला सांगितलं जातं की देश आणखी श्रीमंत झाला, आणि शनिवारी आपण अपनी मंडीच्या भाजीबाजारात उभं राहून मटाराच्या भावावरून वाद घालतो."

सव्वीस तारखेच्या भाषणाची सुरुवात. बरी आहे. राहू दे.

विषय इथल्या मराठी मंडळानेच दिलाय: देशाचा सुवर्णसाठा. अध्यक्ष रणदिवे फोनवर म्हणाले, "वहिनी, अभिमान वाटेल असं बोला. परदेशातलं सोनं घरी आलं, किंमत विक्रमी झाली. एक्याण्णवचं गहाण वगैरे नको. प्रजासत्ताक दिन आहे."

म्हणजे बोलायचं काय ते तुम्ही ठरवणार. आवाज तेवढा माझा.

संध्याकाळी मध्यवर्ती बँकेचा आठवड्याचा आकडा आला. सोन्याची किंमत पुन्हा वर. वजन जवळजवळ होतं तेवढंच. अरविंद चहा गाळता गाळता म्हणाला, "मग वाढलं काय?"

भाव वाढला, म्हटलं.

"मग त्यात आपण काय केलं?"

काही नाही. रजई घेऊन झोपलो होतो. बातमीचा मथळा मात्र: देशाच्या तिजोरीत मोठी भर.

४ जानेवारी, रविवार

धुकं. समोरच्यांचं फाटक दिसत नाही.

वैशाली तायडे शहराबाहेरच्या खरडहून दोन ऑटो बदलून आली. बुलडाण्याची. गणपतीत आरतीला यायची, तेवढीच ओळख. नवरा नीलेश मोहालीत एका कंत्राटदाराकडे मशीन दुरुस्त करायचा. डिसेंबरात धुक्यात ट्रकने मोटारसायकल उडवली. पायात रॉड, सेक्टर ३२ च्या सरकारी दवाखान्यात दाखल. जखम चिघळली, आता दुसरं ऑपरेशन. कंत्राटदाराने पगार थांबवला आणि त्याच्या जागी दुसरा मुलगा घेतलासुद्धा. खोलीचं भाडं थकलंय. घरमालक भला आहे, पण भलेपणाला मुदत असते.

म्हणाली, "काकू, मंडळाचं सोनं असते ना? गणपतीच्या दूर्वा? त्या अडल्यानडल्यासाठीच हायेत असं मले कुणीतरी सांगितलं होतं."

खरं आहे. मी या शहरात नवी लग्न होऊन आले तेव्हाही ती रीत होती. बदली होऊन जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने मंडळाच्या गणपतीला सोन्याची एक दूर्वा वाहायची. निरोप समारंभात लाल दोऱ्यात ओवून द्यायची. निरोपाची दूर्वा. लष्करवाले, बँकवाले, टपालवाले, प्रयोगशाळावाले, सगळे देऊन गेले. ज्या बायकांनी रीत सुरू केली त्यांच्यातल्या लीलाकाकू मला म्हणाल्या होत्या, "देवाला काय करायचंय गं सोनं? परक्या गावात कुणा पोरीवर अंगावरचं उतरवायची वेळ येऊ नये, म्हणून ठेवतो."

वैशालीला म्हटलं, काम झालं समज. उद्याच बोलते.

६ जानेवारी, मंगळवार

रणदिवेंकडे गेले. पब्लिक सेक्टरमधून निवृत्त, निवृत्तीनंतर बदली होत नाही म्हणून तेच कायमचे अध्यक्ष. आल्याचा चहा, शेव, सगळं आलं. विषय काढला आणि त्यांची शेव तोंडातच राहिली.

"देवाचं सोनं गहाण टाकायचं? वहिनी, तुम्ही हे बोलताय?"

मी म्हटलं, टाकायचं. कर्ज काढायचं, त्याचा पाय वाचवायचा, सावकाश सोडवायचं.

"लोक काय म्हणतील? आणि भाव बघितलात का? तोळा लाखाच्या पुढे गेलाय. अजून चढणार आहे. आत्ता हात लावणं म्हणजे मूर्खपणा."

गहाण टाकल्यावर भाव चढला तर आपलंच सोनं आपल्यासाठी चढतं, एवढं अर्थशास्त्र मी तीस वर्षं कॉलेजात पहिल्या वर्षाला शिकवलं. रणदिवेंना ऐकायचंच नव्हतं. ते दूर्वांची किंमत दरवर्षी अहवालात वाचतात. गेल्या वर्षी टाळ्या पडल्या होत्या. एकाही नव्या कुटुंबाने दूर्वा दिलेली नसताना मंडळ श्रीमंत झालं होतं.

निघताना दारात म्हणाले, "तसंही वहिनी, त्यात तुमची एकही दूर्वा नाही."

नाही. आम्ही बदलून गेलोच नाही. अरविंदची अख्खी नोकरी सेक्टर ३० च्या प्रयोगशाळेत गेली आणि आम्ही इथेच म्हातारे झालो. जे गेले त्यांनी दिलं. जे राहिले ते राखण करतात.

आणि हे दारात ऐकवलं कुणाला? मला. आयुष्यभर सभा गाजवणारीला.

९ जानेवारी, शुक्रवार

आकडा वर. मथळा तोच, फक्त विशेषण बदललं.

भाषणाची टाचणं काढत बसले. बासष्टच्या युद्धात आईने गळ्यातली ठुशी संरक्षण निधीला दिली. मोठी झाल्यावर विचारलं होतं, परत मिळाली असती तर? आई म्हणाली, परत मिळायला दिलीच नव्हती, उपयोगी पडायला दिली होती.

एक्याण्णव. परकीय चलन संपत आलं. काही आठवड्यांच्या आयातीपुरतं उरलं. तेव्हा सोनं विमानात घालून परदेशी पाठवलं आणि कर्ज उचललं. केवढा गहजब. देशाने आईचं मंगळसूत्र विकलं म्हणून लोक रडले. मी तेव्हाही म्हणत होते, आजही म्हणते: ते सोनं इतकी वर्षं तळघरात पडून होतं, आयुष्यात एकदा कामाला आलं ते त्या दिवशी. लाज त्या दिवसाची नव्हे. लाज घर त्या दिवसापर्यंत नेणाऱ्यांची.

आणि कर्ज फिटलं तेव्हा त्याचं पेढे वाटून कौतुक कुणी केलं? कुणी नाही. आपल्याला गहाण आठवतं, सोडवणूक आठवत नाही.

रणदिवे म्हणतात एक्याण्णव नको. भाषणात दुसरं सांगण्यासारखं आहे तरी काय? बाकी सगळा भाव आहे.

१३ जानेवारी, मंगळवार

सेक्टर ३२. हाडांच्या वॉर्डाबाहेर वैशाली जमिनीवर चादर टाकून बसलेली. शेजारी एक पंजाबी बाई तिला पराठा देत होती, "खा ले पुत्त, शरम नी करी दी." नीलेश जागा होता. मला बघून उठायला गेला. म्हटलं, पडून राहा रे, मी काही पाहुणी नाही.

वैशालीला बाहेर व्हरांड्यात नेलं. माझ्या दोन बांगड्या रुमालात बांधून नेल्या होत्या. अरविंदला सांगून. तो म्हणाला होता, ने, पण ती घेणार नाही.

घेतल्या नाहीत.

"काकू, तुमच्या घेतल्या तर ते उधार. मंडळाचं मागितलं ते हक्काचं समजून मागितलं. आम्हीबी इथून जाऊ तेव्हा दूर्वा देऊनच जाणार ना? मले उधार नको."

मी म्हटलं, अगं वेळ कसली, तू बघतेस काय.

"वेळ हाये म्हणूनच. एकदा कुणाच्या घरचं घेतलं की त्या घरी मान खाली घालून जावं लागते."

रुमाल तसाच परत आणला. कपाटात टाकताना अरविंदने बघितलं, काही बोलला नाही. त्याची ही सवय मला चाळीस वर्षं छळते आहे.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांतीचं हळदीकुंकू रणदिवेंच्या घरी. मंडळातर्फे. वाण म्हणून प्लास्टिकचे डबे.

वैशाली आली होती. हळद लावताना हात पुढे केला, हिरव्या काचेच्या बांगड्या तेवढ्या. गणपतीत त्यांच्यामध्ये दोन सोन्याच्या असायच्या. मी बघितलं, तिने मला बघताना बघितलं.

"सेक्टर बावीसमध्ये मोडल्या," इतकंच म्हणाली. "चांगला होता सोनार. समोरच वितळवल्या. म्हणे आज भाव छान आहे, भाभीजी, लकी हो."

आम्ही तिला तिळगूळ दिला. गोड बोल म्हटलं.

लीलाकाकू, तुमच्या पोरीवर वेळ आली. तुमच्या दूर्वा शाबूत आहेत. त्यांचाही भाव आज छान आहे.

आणखी एक. मी रणदिवेवहिनींना सहज म्हटलं, यंदा गणपतीत दूर्वा झळझळीत दिसत होत्या. त्या हसल्या. "त्या पॉलिशच्या हो. खऱ्या कुठे घालतो आता? जोखीम नको म्हणून हे खोट्याच आणतात." किती वर्षं? त्यांनाही आठवेना.

घरी येऊन तेच डोक्यात. खऱ्या शेवटच्या कुणी पाहिल्या?

२० जानेवारी, मंगळवार

रणदिवेंना सरळ विचारलं. सुखना तळ्यावर फिरायला येतात, तिथे गाठलं. वळून जायला जागा नव्हती. म्हटलं, मंडळाचा बँकेतला लॉकर उघडा, मला दूर्वा डोळ्यांनी बघायच्या आहेत.

आधी चिडले. मग मफलर नीट केला. मग खरं बोलले.

लॉकर दोघांच्या नावावर. एक रणदिवे. दुसरे एअर फोर्सचे भोईटे. भोईटे बदलून गेले, पुढे निवृत्त झाले, नाशिकला स्थायिक झाले. नाव बदलायचं राहिलं. किल्लीही त्यांच्याचकडे राहिली. सगळी वर्षं.

"म्हणजे तुम्हाला लॉकर उघडताच येत नाही?"

"तांत्रिकदृष्ट्या…"

तांत्रिकदृष्ट्या. देवाचं सोनं गहाण टाकणं पाप, भाव अजून चढणार, लोक काय म्हणतील, ही सगळी तत्त्वं त्या एका हरवलेल्या सहीवर उभी होती. आणि दरवर्षी हा माणूस माईकवर उभा राहून, कुणी न पाहिलेल्या सोन्याला त्या दिवसाच्या भावाने गुणून, आमच्याकडून टाळ्या घेत होता. आम्ही देत होतो. मीही.

इथला प्रत्येक पदाधिकारी बदलून जातो. जाताना फर्निचर विकतो, गॅस परत करतो, मुलांचे दाखले काढतो. लॉकरवरचं नाव काढायचं कुणाच्या लक्षात येत नाही. ही चूक आमच्यासारख्या लोकांनाच जमते.

२१ जानेवारी, बुधवार

बँकेत गेले. काउंटरवरची मुलगी समजूतदार. "आंटीजी, नाम बदलने के लिए भी दोनों के साइन चाहिए. नहीं तो लॉकर तोड़ने का प्रोसीजर है. हो जाएगा, पर टाइम लगता है जी."

किती?

"वो मैं नहीं बोल सकती."

नीलेशचं ऑपरेशन पुढच्या महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात.

२३ जानेवारी, शुक्रवार

आकडा वर. बघणार नव्हते. बघितला.

भोईटेंना फोन लावला. आवाज थकलेला, पण कवायतीचा.

"मॅडम, मी येऊ शकतो. प्रकृती ठीक आहे. येणार नाही."

का?

"माझा निरोप समारंभ झाला नाही."

मला आधी कळेचना. मग त्यांनी सांगितलं. बदली अचानक आली, ऐन परीक्षांच्या दिवसांत. मंडळाने म्हटलं, सगळे अडकलेत, नंतर बघू. नंतर कुणी बघितलं नाही. "हिने दूर्वा घडवून ठेवली होती. लाल दोरा पण घातला होता. रोज संध्याकाळी साडी बदलून बसायची, कुणी बोलवायला येईल म्हणून. सामानाचा ट्रक आला तरी कुणी आलं नाही. आता ही नाही. दूर्वा आहे, डबीत. मला निरोप मिळाला नाही मॅडम, म्हणजे मी तिथून गेलेलोच नाही. माझं नाव राहू द्या लॉकरवर."

मी नीलेशचं सांगितलं. मग म्हणाले, "रणदिवे तेव्हा चिटणीस होते. त्यांनी एक शब्द बोलावा. त्याच दिवशी गाडीत बसतो."

लगेच रणदिवेंना फोन. "मी कशाची माफी मागू? तेव्हा अध्यक्ष दुसरे होते."

तुम्ही चिटणीस होतात.

"चिटणीस फक्त अंमलबजावणी करतो, वहिनी."

अरविंद पलीकडून ऐकत होता. म्हणाला, "लिहून ठेव हे. भाषणात चालेल." मला हसू आलं नाही.

२६ जानेवारी, सोमवार

झेंडावंदन. मुलांनी देशभक्तीपर गाणं म्हटलं, हिंदीत. मग अहवाल. रणदिवेंनी दूर्वांची किंमत वाचली. टाळ्या. मग मी.

'माझ्या मराठी माणसांनो' पासून सुरू केलं. मटारावर हशा. देशाच्या सोन्यावर आले. किंमत आणि वजन यांतला फरक सांगितला, की भाव चढला म्हणून साठा वाढत नाही, आणि तिजोरीत काय आहे यापेक्षा ते कोणत्या दिवशी बाहेर काढायची हिंमत आहे यावर घराची श्रीमंती ठरते. आईची ठुशी सांगितली. एक्याण्णव सांगितलं, पूर्ण. मागे कुणीतरी खुर्ची सरकवली.

मग म्हटलं, आता आपलं सोनं. अहवालातली किंमत तुम्ही ऐकलीत. टाळ्या वाजवल्यात. या सभागृहात असा एक माणूस हात वर करील का, ज्याने या दहा वर्षांत त्यातली एक दूर्वा डोळ्यांनी पाहिली?

हात नाही.

लॉकर, सही, भोईटे, सगळं सांगितलं. नीलेशचं नाव घेतलं नाही, वैशालीने बजावलं होतं. एवढंच म्हटलं की आपल्यातलं एक माणूस दवाखान्यात आहे आणि त्याच्या बायकोच्या हातात काच उरली आहे.

रणदिवे आभार मानायला उठले. म्हणाले, वहिनींनी नेहमीप्रमाणे विचार करायला लावलं. या प्रश्नाचा अभ्यास करण्यासाठी आपण एक समिती नेमू. अनुमोदन मिळालं. मग जिलबी.

दोन बायका रांगेत म्हणाल्या, काय बोललात ताई, काटा आला अंगावर. हातात ताटल्या.

रात्री मुक्ताचा गुडगावहून फोन. कुणीतरी भाषणाचा व्हिडिओ पाठवला होता. "मम्मा, सुपर था. पर तुम खुद गोल्ड में थोड़ा डाल दो ना, अभी भी टाइम है." माझी मुलगी. मराठी समजते तिला, सगळी.

२८ जानेवारी, बुधवार

दवाखान्यात. नीलेश आज बोलला. "काकू, व्हिडिओ पाहिला. वॉर्डात सगळ्यांनी पाहिला. सरदारजींनी पण, समजलं काही नाही तरी म्हणे बहनजी में दम है." हसला. पाय हलला की चेहरा वाकडा होतो.

वैशालीने बाजूला घेतलं. ऑपरेशनची तारीख ठरली. पुढच्या आठवड्यात भाड्याचाही निकाल लावायचा आहे. नाहीतर खोली सोडून त्याला तसाच गावी न्यायचा. डॉक्टर म्हणालेत, या अवस्थेत हलवू नका, पाय जाईल.

गळ्याला हात लावून म्हणाली, "या वाट्या हायेत अजून. सोमवारी जाते सेक्टर बावीसला. पोत राहील, काळे मणी राहतील, त्याले काय होते?"

मी म्हटलं, सोमवारपर्यंत थांब.

"थांबते. सोमवारपर्यंत."

तिच्या आवाजात विश्वास नव्हता. सौजन्य होतं. ते जास्त लागलं.

३० जानेवारी, शुक्रवार

आज गंमत. सोन्याचा भाव घसरला. संध्याकाळच्या चॅनेलवर चार माणसं चेहरे पाडून बसली होती. देशाचा साठा आता घटणार म्हणे. तळघरातली एक वीट हललेली नाही. पहारेकऱ्यालासुद्धा कळणार नाही की त्याच्या पाठीमागचा देश दुपारपासून गरीब झाला.

रणदिवेंचा फोन. काळजीचा सूर. "वहिनी, आता तर अजिबात नको. पडलेल्या भावात सोनं काढायचं नसतं."

चढत्या भावात काढायचं नसतं. पडत्या भावात काढायचं नसतं. मग कधी काढायचं? फोन ठेवला. निरोप न घेता.

अरविंदने खूप वेळाने तोंड उघडलं. "तू भोईटेंना माफी मागणारा माणूस शोधते आहेस. त्यांना माफी कुठे हवीये? त्यांना बोलावणं हवंय. ती बाई साडी बदलून बसायची कशासाठी?"

चाळीस वर्षांत पहिल्यांदा वाटलं, हा माणूस गप्प बसतो तेव्हा विचार करत असावा.

३१ जानेवारी, शनिवार

मंडळाचा एक जुना व्हॉट्सॲप गट आहे. इथून बदलून गेलेल्यांचा. पुणे, विशाखापट्टणम, जोधपूर, गुवाहाटी, कुठे कुठे पांगलेले. एरवी वाढदिवस आणि फुलांची चित्रं. सकाळी एकटाकी लिहून टाकलं. इथे उतरवून ठेवते, उद्या कुणी म्हणायला नको की मी वेगळं बोलले होते.

"चंदीगडहून बदलून गेलेल्यांनो, तुमची-माझी तक्रार एकच आहे. दिलेल्या सोन्याचं पुढे काय झालं, हे आपल्याला कुणी सांगत नाही. मी सांगते. तुमची दूर्वा लॉकरमध्ये आहे. तिची किंमत दरवर्षी वाचली जाते. ती कुणाच्याही उपयोगी पडलेली नाही. सोमवारी बुलडाण्याची एक मुलगी नवऱ्याच्या पायासाठी मंगळसूत्राच्या वाट्या मोडायला जाणार आहे. तुम्ही दूर्वा दिलीत ती नेमकी हा दिवस येऊ नये म्हणून.

लॉकरची किल्ली नाशिकला भोईटे साहेबांकडे आहे. आपण त्यांना निरोप दिला नाही, म्हणून ते अडून आहेत, आणि त्यांचं बरोबर आहे. त्यांचा निरोप समारंभ माझ्या घरी करायचा आहे, त्यांच्या पत्नीने घडवलेली दूर्वा आपण सगळ्यांनी हातात घ्यायची आहे. तुम्ही दिल्लीत असा की गुवाहाटीत, पैसे नकोत, सूचना नकोत, हात जोडलेली चित्रं नकोत. आज भोईटे साहेबांना फोन करा आणि म्हणा, आम्ही वाट बघतोय, चंदीगडला या."

१ फेब्रुवारी, रविवार

गटावर हात जोडलेली चित्रं आली. बरीच.

पण दुपारी जोधपूरहून एक बाई बोलल्या, ओळख विसरले होते. त्यांनी केला फोन. भोईटेंनी उचलला, ऐकून घेतलं, बरं म्हणाले. मग गुवाहाटीहून एकाने केला. तर एंगेज. पुण्याहून केला, एंगेज. संध्याकाळी मी लावला, एंगेज. म्हणजे लोक करताहेत.

अरविंद बाहेरच्या खोलीची गादी उन्हात टाकून आला आहे. विचारलं, कशाला? म्हणाला, "पाहुणे आले तर."

उद्या सोमवार. सेक्टर बावीसची दुकानं अकराला उघडतात. गटावर पुन्हा टाकलं: तुमच्यापैकी ज्यांनी अजून फोन केला नसेल त्यांनी करा. लागत नसेल तर लावत राहा.